‘ब्राझील’ कालबाह्य झाला म्हणे!

शाहूपुरीकर:
संगणक आल्यावर टेरी गिलियमच्या ‘ब्राझील’ (१९८५) या चित्रपटातली कचेरी इतिहासजमा झाली, हे कालच्या पोस्टमधले विधान वाचून राहवले नाही. यंत्रात माशी पडते, अटकेच्या कागदावर ‘टटल’चे ‘बटल’ होते आणि भलत्याच माणसाला पोत्यात कोंबून नेताना त्याच्या बायकोकडून नवऱ्याच्या पावतीवर रीतसर सही घेतली जाते; पुढे चौकशीचा खर्च जादा वसूल झाला म्हणून परताव्याचा धनादेशही तिला घरपोच होतो. आमच्या सातबाऱ्यावर संगणकीकरणातच वडिलांच्या नावातला काना गळाला, आणि आपण स्वतः आपणच आहोत असे प्रतिज्ञापत्र वडिलांना द्यावे लागले. माशीचीसुद्धा गरज पडली नाही.

निवृत्त अव्वल कारकून:
महसूल खात्याला झोडपल्याशिवाय साताऱ्यात चित्रपटावरही बोलता येत नाही काय? लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १५५ आहे; जुना हस्तलिखित उतारा जोडून अर्ज करावा. प्रतिज्ञापत्राशिवाय नाव बदलले आणि उद्या जमीन भलत्याच्या नावे चढली, तर गळा कारकुनाचाच धरला जातो. हा चित्रपट काढणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी आवक-जावक नोंदवही लिहिली असती, तर त्याला कारकुनाची इतकी थट्टा सुचली नसती.

गोडोलीकर:
आपण दोघेही सरकारी कचेरीतच अडकून पडला आहात. चित्रपटाचा नायक, कारकून सॅम लाउरी याला बढती मिळते तेव्हा त्याच्या वाट्याला अर्धे टेबल येते. उरलेले अर्धे भिंतीपलीकडे असते, पलीकडचा ते आपल्याकडे ओढतो आणि सॅम कागद सावरत ते दोन्ही हातांनी धरून बसतो. पुण्यातल्या एका खासगी कंपनीत मला ते अर्धे टेबलही नव्हते. रोज सकाळी ॲपवर खुर्ची आरक्षित करायची आणि संध्याकाळी ती रिकामी करून निघायचे. दिवसाच्या तासांचा हिशेब भरावा लागे, आणि तो भरण्यात गेलेल्या वेळेसाठीही त्यात स्वतंत्र रकाना होता. तिथे कागद नव्हता, कारकूनही नव्हता.

शाहूपुरीकर:
ताई, तुमची खुर्ची संध्याकाळी तरी सुटत होती. काका, बदल्या आणि दफ्तरदिरंगाईच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे कोणतीही फाइल कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक पडून राहता कामा नये. आमची फाइल मात्र ‘साहेब मीटिंगला गेलेत’ या एका वाक्यावर पावसाळाभर पडून होती!

निवृत्त अव्वल कारकून:
तो कायदा मला शिकवू नका. बदल्यांचे नियमही त्याच कायद्यात आहेत; ते किती पाळले जातात, हे विचारायला आजवर एकही खातेदार आला नाही. पदे रिक्त, दुसऱ्या सज्जाचा अतिरिक्त कार्यभार, त्यातच निवडणुकीचे काम, आणि तुम्ही सात दिवस मोजत बसा. नवऱ्याची पावती तेवढी मला पटली. पण पावती देणारी कचेरी निदान माणूस नेल्याची नोंद तरी ठेवते, ताईंच्या कंपनीत तेवढीही सोय दिसत नाही.

गोडोलीकर:
हे मात्र आपण बरोबर बोललात, नाइलाजाने मान्य करते. पण मग हॅरी टटलचे काय? कागदपत्रांना कंटाळून खाते सोडणारा आणि लोकांच्या घरची यंत्रे अर्जाविना दुरुस्त करून देणारा माणूस त्या राज्यात दहशतवादी ठरतो.

शाहूपुरीकर:
आमच्याकडे त्याला एजंट म्हणतात, आणि तो फुकट काम करत नाही.

निवृत्त अव्वल कारकून:
एजंटांचा विषय काढायचाच असेल, तर वेगळा धागा काढा. तिथे मी सविस्तर लिहीन.