'कादंबरी' सोडून 'उपन्यास' घ्यायचा का?

ओसरीवरचा (धागाकर्ता)
माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुटून पडायला सोपं जाईल. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव आपण एका अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन बसलोय. उद्या नाटकाला कोणी 'शकुंतला' म्हणू लागलं तर? हिंदी, बंगाली, ओडिया, असमिया सगळीकडे 'उपन्यास'. शब्द संस्कृतच आहे, परका नाही. सगळ्या भारताचा शब्द आपणही घ्यावा. अनुवादित पुस्तकं शोधताना डोकेफोड तरी वाचेल.

कावेरीकाठ
बंगळुरात नवा होतो. एका कॉलेजच्या फाटकावर फलक दिसला, 'विशेष उपन्यास, सायंकाळी पाच'. कन्नड अक्षरं नुकती लागायला लागली होती, त्या आनंदात आत जाऊन बसलो. वाटलं, कोणी लेखक प्रकरण वाचून दाखवणार. निघालं मातीपरीक्षणावरचं व्याख्यान! दीड तास. दुसऱ्या रांगेत बसल्यामुळे उठताही येईना.

कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान, उपन्यासक म्हणजे लेक्चरर. तेलुगूतही भाषणच. तमिळमध्ये उपन्यासम् म्हणजे आपल्या प्रवचनाच्या जवळपासचं काहीतरी. आणि कन्नडमध्ये नॉव्हेलला म्हणतात कादंबरी! तेव्हा 'सगळ्या भारताचा' हे जरा जपून.

पाटीपेन्सिल
शिवाय मूळ संस्कृत उपन्यास म्हणजे मांडणी, एखादी गोष्ट पुढे ठेवणं. म्हणजे दक्षिणेतले लोक मुळाला धरून आहेत, लांब गेले ते बंगाली.

बाकी 'शकुंतला'चा मुद्दा पटला नाही. विशेषनामाचं सामान्यनाम होतच असतं. वनस्पती तुपाला डालडा म्हणणाऱ्यांच्या घरात मी वाढले, कोणाचं काही अडलं नाही.

ओसरीवरचा
डालडा आणि बाणभट्ट एका ओळीत! असो. पण बाणाच्या कादंबरीत गंधर्व, शाप, जन्मांतरं. आपली पहिली कादंबरी मानतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची, विधवांच्या हालांवरची. दोन्हींचा काय संबंध?

पाटीपेन्सिल
'यमुनापर्यटन'पाशीच का थांबलात? पुढे १८६१ मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला' आली, मग रिसबुडांची 'मंजुघोषा'. अद्भुत, शृंगार, योगायोगांची रेलचेल. त्या पुस्तकांना बाणाच्या नायिकेचं नाव शोभूनच दिसतं. नंतर हरिभाऊ आपट्यांनी त्याच नावाखाली मध्यमवर्गीय घरातल्या बायकांचं आयुष्य मांडलं. शब्द तोच, आतला माल बदलला. मला तर यातच मजा वाटते.

हौशी_अनुवादक
मी धागाकर्त्याच्या बाजूने. माझी एक मराठी लघुकथा स्वतःच हिंदीत करून एका हिंदी मासिकाच्या लघुकथा विशेषांकासाठी पाठवली. बारा पानं. उत्तर आलं, 'ही कहानी आहे, आम्ही लघुकथा मागवली होती.' हिंदीत लघुकथा म्हणजे अर्ध्या-एक पानात संपणारी चीज, हे मला तेव्हा कळलं. आणि आपल्याकडे कहाणी म्हणजे श्रावणातली, साठा उत्तरांची. एकदा बसून सगळ्यांनी शब्द ठरवून का घेऊ नयेत?

कावेरीकाठ
अहो, पण तुमचं उदाहरण तर उलट बाजूचं झालं. शब्द दोन्हीकडे एकच होता, म्हणून तर फसलात. हिंदीत वेगळा शब्द असता तर पाठवण्याआधी कोणाला तरी विचारलं असतंत.

हौशी_अनुवादक
हं. हे लक्षात आलं नव्हतं.

ओसरीवरचा
बरं, उपन्यास मागे घेतो. मग 'नवल' घ्या. गुजरातीत नवलकथा, तेलुगूत नवला. इंग्रजीशीही जुळतं.

मांडवीकर
बडोद्यात वाढलेल्याचं ऐका. गुजरातीत नवलकथा म्हणजे कादंबरी, पण नवलिका म्हणजे लघुकथा. शब्दाच्या शेपटीवर तीनशे पानांचा फरक. फ्रेंचांचंही तेच, नूव्हेल म्हणजे छोटी गोष्ट आणि आपण ज्याला कादंबरी म्हणतो ते रोमां. स्पॅनिशमध्ये पुन्हा नोव्हेला म्हणजे अख्खी कादंबरी. युरोपातल्या शेजाऱ्यांनाही हे जमलेलं नाही, आपण कशाला जीव आटवायचा?

जाता जाता: बंगाल्यासमोर नुसतं 'कादंबरी' म्हणालात तर त्याला पुस्तक आठवणार नाही, रवींद्रनाथांच्या वहिनी आठवतील.

ओसरीवरचा
'नवल'वर मी अजून ठाम आहे.

पाटीपेन्सिल
राहा. फक्त परीक्षणात कोणी 'काय नवल आहे!' असं लिहिलं, तर ती स्तुती समजायची की टोमणा, तेवढं आधी ठरवा.