प्रतिसाद: दहावी कॉफी फुकट?
'दहावी कॉफी फुकट'ची कार्डं छापा, गिऱ्हाईक आपोआप परत येतं, असं वर लिहिलंय. आमच्या पार्ल्याच्या दुकानात छापली होती. निम्मी लोकांच्या पाकिटात भिजून गेली. माणूस परत येतो तो कालच्यासारखीच कॉफी आज मिळाली तर, आणि मुंबईत पावसाळ्यात नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. दमट हवेत बिया ओलावा धरतात, ग्राइंडरची मे महिन्यातली सेटिंग जुलैत चालत नाही. १८ ग्रॅम पावडरीतून साधारण ३६ ग्रॅम एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत उतरायला हवी. आमच्याकडे ४० लागत होते आणि पोरांच्या काय, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. शेवटी रोज लोकल पकडायच्या आधी येणारे एक काका म्हणाले, "अहो, आठवडाभर कडू लागतेय. बोलू की नको असं झालं होतं." बाकीचे न बोलताच यायचे थांबले असणार.

आता शटर उघडल्यावर आणि दुपारी चारला एस्प्रेसोचा एकेक शॉट (एका वेळची कॉफी) वजनकाट्यावर घेतो, बिघडला तर सरळ मोरीत. हॉपरमध्ये, म्हणजे ग्राइंडरवरच्या भांड्यात, बिया तासाभरापुरत्याच, बाकीच्या हवाबंद डब्यात.