मदत हवी आहे: नाताळात सगळ्यांनी मिळून बघायचे सिनेमे (आजी, पहिलीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा एकाच सोफ्यावर)

गोठेवाली:

नमस्कार मंडळी. आम्ही वसईचे. नाताळात घरात माणसं भरपूर आणि टीव्ही एकच. यंदा दीर मस्कतहून सहकुटुंब येतायत, शाळांनाही सुट्टी, म्हणून ठरलंय की जेवणं लवकर उरकायची आणि रात्री सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा. निवड करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जाणकारांनी हातभार लावावा.

अडचण प्रेक्षकांची आहे. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. मराठी मालिका तोंडपाठ, हिंदी कळतं, इंग्रजी नाही, आणि सबटायटल्स वाचायची म्हटलं की चष्मा काढून ठेवतात. मागे एकदा असाच एक सिनेमा संपल्यावर त्यांनी विचारलं, "नाताळचा म्हणता, मग ह्यात बाळ येशू कुठाय?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. लाल डगलेवाला होता, हरणं होती, बर्फ होता, खरेदी तर पोटभर होती. बाळ येशू जन्मला तो गोठा काही दिसला नाही.

धाकटी पहिलीत आहे. सांताक्लॉजवर अढळ विश्वास. पत्र लिहून तयार आहे (मांजर मागितलंय, त्यावर वेगळा धागा काढावा लागणार). तिच्यासमोर पडद्यावरचं कुणी "अगं, ते आईबाबाच ठेवतात" म्हणालं तर माझी काही धडगत नाही. सुरुवातीला कोपऱ्यात यू/ए ७+, १३+ वगैरे येतं, पण त्यावरून मारामारी आणि शिव्यांचा अंदाज येतो. सांताचं गुपित फुटतं का, हे कुणी लिहीत नाही.

मोठा आठवीत. कार्टून म्हटलं की "मी आत आहे" म्हणून उठतो. दीर-जाऊबाईंना काहीही चालतं; दीर तसेही नावं पडेपर्यंतच जागे असतात.

वेळ पावणेदोन तासांच्या आतली हवी, कारण १६ तारखेपासून नोव्हेना (नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना), त्यात कॅरलची प्रॅक्टिस, आणि करंज्या-कलकल हा फराळ रात्रीच होतो. २४ ला मध्यरात्रीची मिस्सा असते, त्यामुळे तो दिवस सोडून. नेटफ्लिक्स आणि जिओहॉटस्टार आहे, एखादा सिनेमा भाड्याने घ्यायचीही तयारी आहे. 'होम अलोन' धाकटीने बघितलेला नाही, दाखवू का? 'एल्फ' आणि 'पोलर एक्सप्रेस' ही नावं प्रत्येक यादीत दिसतात, ती कितपत सुरक्षित? आणि बाळ येशू असलेला, पण प्रवचन न देणारा काही आहे का?

खडीसाखर:

होम अलोन डोळे मिटून घ्या, ताई. १९९० चा आहे, १ तास ४३ मिनिटं, म्हणजे तुमच्या वेळेत बसतो. शेवटचा अर्धा तास तर भाषा लागतच नाही. चोर दिव्याची दोरी ओढतो, तोंडावर इस्त्री पडते. जिन्यावरून रंगाचे डबे झोके घेत येतात. सासूबाई हसून हसून बेजार होतील.

आणि गोठ्याचं म्हणाल तर तो ह्यात आहे की! चोरांची गाडी मागे लागते तेव्हा घरी एकटाच राहिलेला केविन चर्चबाहेरच्या गोठ्यात शिरतो आणि मूर्तींमध्ये मूर्ती होऊन उभा राहतो. स्वतः गोठा केलेल्या पोरांना हे फार आवडतं. पुढे चर्चमध्ये मुलांचा कॉयर गात असतो आणि शेजारचा तो भीतीदायक म्हातारा केविनशेजारी येऊन बसतो. मुलाशी अबोला आहे, म्हणून कॉयरमधल्या नातीचं गाणं तो असं लांबून ऐकतोय. तेवढं संभाषण आजींना कुणीतरी मराठीत सांगा. मोठ्या चिरंजीवांना नेमा त्या कामावर, म्हणजे ते उठून आत जाणार नाहीत.

सांताचं गुपितही शाबूत राहतं. केविन सांताचा वेश केलेल्या माणसाला सांगतो की तुम्ही खरे नाही हे मला माहीत आहे, पण तुम्ही त्यांच्याकडे कामाला आहात ना, मग निरोप द्या. एवढंच. मोठ्या भावाच्या खोलीत एक नको ते मासिक सापडतं, तिथे "कोण पाणी आणतंय" म्हणून विषय बदला. दुसरा भाग (१९९२) हा तोच सिनेमा न्यू यॉर्कमध्ये. तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

तळटीप:

गुपिताबद्दल सांगतो, मीही हे सगळं भोगलंय.

सर्वात धोकादायक 'ग्रेमलिन्स' (१९८४). पोस्टरवर गोंडस प्राणी बघून फसू नका. त्यात एक मुलगी शांतपणे सांगते की तिचे वडील सांताचा वेश करून धुराड्यातून उतरताना अडकून मेले, आणि सांता नसतो हे तिला तेव्हा कळलं. तो सिनेमा आणि त्याच वर्षीचा इंडियाना जोन्स ह्यांवर पालक इतके भडकले की अमेरिकेत पीजी-१३ हा वेगळा दर्जा सुरू करावा लागला.

'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' (१९४७, आणि १९९४ ची नवी आवृत्ती) गोड आहे, पण त्यात आईने मुलीला आधीच सांगून ठेवलंय की सांता वगैरे काही नसतं, आणि पुढे कोर्टात खटलाच चालतो. दोनतीन वर्षांनी बघा.

'एल्फ' (२००३) मजेदार आहे, पण सुरुवातीलाच म्हातारा एल्फ सांगतो की भेटी आईवडील ठेवतात असं काही लोक मानतात. नायक ते हसण्यावारी नेतो खरा, तरी चाणाक्ष पोर ते वाक्य बरोबर पकडतं. 'पोलर एक्सप्रेस' (२००४) तर शंका आलेल्या मुलाचाच सिनेमा आहे. ज्याला शंका आहे त्याला तो विश्वास देतो. जिला नाही तिला शंका देईल. शिवाय त्यातली माणसं डोळ्यांनी जरा मेल्यासारखी दिसतात, ते माझ्या मुलाने लगेच सांगितलं.

निर्धास्त दाखवावा असा एकच: 'आर्थर ख्रिसमस' (२०११). आर्डमन ह्या ब्रिटिश ॲनिमेशनवाल्यांचा. सांता खरा आहे, त्याचं खातं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि एका रात्रीत जगभर वाटप कसं होतं ह्याची पूर्ण यंत्रणा दाखवली आहे. एकाच मुलीची सायकल वाटायची राहते, म्हातारे वडील निवृत्त व्हायला तयार नाहीत, मोठा मुलगा सगळं संगणकावर चालवतो आणि आजोबा "आमच्या वेळी" करत बसतात. एकत्र कुटुंबात राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

लेस्टरवासी:

सासूबाईंसाठी 'द स्नोमॅन' (१९८२). फक्त २६ मिनिटं आणि एकही संवाद नाही. सुरुवातीला चार वाक्यांचं निवेदन आहे, ते सोडून द्या. मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं घरभर दंगा करतात आणि मग उडत उत्तरेला जातात. तिथे सांताही भेटतो, मूळ पुस्तकात तो नाही. इकडे इंग्लंडात चॅनल फोरवर दर नाताळात लागतो. उडताना जे गाणं आहे ते पीटर ऑटी ह्या कॉयरमधल्या मुलाने गायलंय, पण इकडे निम्मे लोक अजून दुसऱ्याच गायकाचं नाव घेतात.

एकच सांगणं: सकाळी तो बर्फाचा माणूस वितळलेला असतो आणि सिनेमा तिथेच संपतो. माझी मुलगी त्यावर बराच वेळ रडली होती. झोपायच्या आधी दाखवू नका, कॅरलच्या आधी दाखवा.

उगाच:

'मेरी ख्रिसमस' बघा की. हिंदी आहे, मुंबईतला आहे, सबटायटल्स नकोत. 😀

गोठेवाली:

@उगाच, बघितलाय. २०२४ चा, श्रीराम राघवनचा. नाताळच्या आदल्या रात्री घरात प्रेत! सासूबाईंना दाखवून मला घराबाहेर काढायचा बेत दिसतोय.

@तळटीप, आर्थर पक्का. नेटफ्लिक्सवर 'क्लाउस' सारखा पुढे येतो, त्याचं काय?

तळटीप:

क्लाउस (२०१९) उत्तम आहे. नेटफ्लिक्सचाच असल्यामुळे ऐनवेळी गायब होण्याची भीती नाही. लाडावलेल्या मुलाला बाप टपालमास्तर करून एका गोठलेल्या बेटावर पाठवतो, वर्षात ६००० पत्रं गेली पाहिजेत अशी अट. गावात दोन घराण्यांचं पिढीजात वैर, पत्र लिहिणार कोण? हाताने काढलेली चित्रं आहेत, पण उजेड-सावली अशी दिली आहे की मोठ्यालाही "कार्टून" म्हणवणार नाही. दिग्दर्शक सर्जिओ पाब्लोस, 'डेस्पिकेबल मी'ची मूळ कल्पना ह्याचीच, हे आठवीतल्या साहेबांना आधी सांगा.

त्यात एक छोटी सामी (उत्तर युरोपातल्या मूळ रहिवाशांपैकी) मुलगी आहे, ती स्वतःच्या भाषेत बोलते आणि तिचं भाषांतर दिलेलंच नाही. सासूबाईंना जितकं कळेल तितकंच आपल्यालाही. फक्त सांताची प्रथा कशी पडली अशी गोष्ट असल्यामुळे प्रश्न येतील. शेवट जादूचाच आहे, तेव्हा वेळ निभावून नेता येईल.

पाचूबंदर:

बाळ येशूबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे.

'द नेटिव्हिटी स्टोरी' (२००६) चा पहिला खेळ व्हॅटिकनमध्ये झाला होता. मरिया आणि योसेफ दोघंही साधी, घाबरलेली, गरीब माणसं वाटतात, तेच मला आवडलं. बेथलेहेमचा प्रवास खरोखर प्रवासासारखा वाटतो, गाढवासकट. पण सुरुवातच हेरोदाने केलेल्या बालहत्येने होते. धाकटी झोपल्यावर मोठ्यांनी बघावा.

लहानांसाठी 'द स्टार' (२०१७), दीड तासाच्या आत. त्याच प्रवासाची गोष्ट गाढवाच्या बाजूने सांगितली आहे. विनोद जरा बाष्कळ आहेत, उंट फार बडबड करतात, पण शेवटी गोठा आहे, गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत. सासूबाईंना प्रत्येक पात्र ओळखीचं, त्यामुळे भाषेवाचून अडणार नाही.

आणखी एक, 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' (१९६५). २५ मिनिटांचा. सगळे खरेदी-सजावटीत गुंतलेले, आणि तो पोरगा वैतागून विचारतो की नाताळ म्हणजे काय हे कुणाला ठाऊक आहे का. मग लायनस मंचावर जाऊन लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळांचा उतारा म्हणून दाखवतो. वाहिनीवाले तेव्हा धास्तावले होते की टीव्हीवर बायबल कोण ऐकणार. तो उतारा लूक, अध्याय २, ओवी ८ ते १४. सासूबाईंच्या हातात मराठी बायबल द्या, त्या लायनसच्या बरोबरीने वाचतील. सध्या तो ॲपलच्या सेवेवर असतो.

जुन्या मंडळींना 'दयासागर' आठवत असेल. मूळ तेलुगू, १९७८ चा, विजयचंदरचा; हिंदीत डब होऊन गावोगावी पडद्यावर दाखवला गेला. येशूचं सगळं चरित्र असल्यामुळे लांबलचक आहे आणि शेवटी क्रूस आहे, तेव्हा तो नाताळापेक्षा उपासकाळात (ईस्टरच्या आधी) बरा.

खडीसाखर:

मोठ्यासाठी 'द मपेट ख्रिसमस कॅरल' (१९९२) राहिला. डिकन्सची गोष्ट, बाकी बहुतेक बाहुली-मंडळी, आणि मध्ये मायकल केन इतका गंभीर की जणू रंगमंचावर शेक्सपियर करतोय. गंमत त्यातच आहे. शेवटचं भूत येतं तेव्हा निवेदकच घाबरून "आम्ही निघालो, शेवटाला भेटू" म्हणून पळ काढतात. धाकटीला मांडीवर घ्या त्या वेळी.

'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) सुचवणारे येतीलच. थोर सिनेमा, पण १३० मिनिटं, कृष्णधवल, आणि नायक नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला पुलावर उभा. मुलं झोपल्यावर, दीर जागे असतील तर.

गोठेवाली:

धन्यवाद सगळ्यांना! सध्या असं धरलंय: सुरुवात होम अलोनने, मोठा दुभाष्या. प्रॅक्टिसच्या दिवशी स्नोमॅन, पण संध्याकाळी. मग आर्थर, मग क्लाउस. २३ ला स्टार, कारण त्या दिवशी आमचा गोठा पुरा होतो. नेटिव्हिटी स्टोरी २५ च्या रात्री मोठ्यांसाठी. चार्ली ब्राउनसाठी जाऊबाईंचा ॲपलचा पासवर्ड मागते.

शेवटचा प्रश्न: स्टार भाड्याने घ्यावा लागला तर हिंदी आवाज आहे की नाही हे पैसे भरायच्या आधी कळतं का?

लेस्टरवासी:

कळतं. सिनेमाच्या पानावर खाली भाषांची यादी असते, ऑडिओ आणि सबटायटल्स वेगवेगळी. ऑडिओत हिंदी असेल तरच घ्या. आणि भाड्याचा सिनेमा एकदा सुरू केला की बहुतेक ठिकाणी ४८ तासांत संपवावा लागतो, तेव्हा चालतोय का बघायला आदल्या आठवड्यात लावू नका.

तळटीप:

आणि सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. आमच्याकडे एक सिनेमा संपून नावं सुरू झाली आणि त्यातच ग्रेमलिन्सचा ट्रेलर आपोआप लागला.