‘हिबाकुशा’ला मराठीत काय म्हणावं?

शेवंता
आमच्या शाळेत दर ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन असतो. यंदा २०१७ च्या अण्वस्त्रबंदी कराराच्या प्रस्तावनेतली काही वाक्यं मराठीत करून फलकावर लावायची आहेत. अण्वस्त्रांच्या वापराने होरपळलेल्यांसाठी त्या करारात ‘हिबाकुशा’ हा जपानी शब्दच ठेवला आहे. मी ‘अणुबॉम्बचे बळी’ लिहिलं. सातवीतल्या एका मुलीने वाचून विचारलं, “बाई, बळी म्हणजे मेलेले ना? मग नोबेल घ्यायला कोण गेलं होतं?”

बरोबर आहे तिचं. २०२४ चं शांततेचं नोबेल हिबाकुशांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला मिळालं. भाषण केलं तेरुमी तानाका यांनी, वयाच्या ९२ व्या वर्षी. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. पण ‘वाचलेले’ लिहावं तर मेलेले सुटतात, आणि तानाकांनी तर ओस्लोत ठासून सांगितलं की मेलेल्यांची भरपाई जपान सरकारने दिलेली नाही. दोघांना कवेत घेणारा शब्द सुचवा.

कृष्णाकाठ
अडण्यासारखं काय आहे? धरणग्रस्त, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसंच अणुबॉम्बग्रस्त. ‘ग्रस्त’मध्ये ग्रास आहे, ग्रहण आहे. आपल्याला ज्याने गिळलं त्याचं नाव पुढे आणि आपण मागे.

मांजराकाठ
‘ग्रस्त’ला माझा विरोध आहे, आणि तो पुस्तकातून आलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुढे घरात ‘भूकंपग्रस्त’ हा शब्द आला तो दाखल्यावर, शिक्क्यासकट. तो दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवलेला असायचा. नोकरीच्या अर्जाला जोडायचा, परत आणून ठेवायचा. माझी आत्या हा शब्द तोंडातून कधी काढायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “आम्ही भूकंपातले.” एवढंच. त्यात मेलेले चुलते होते आणि ती स्वतःही होती. शेवंताताई, ‘बॉम्बातली माणसं’ लिहून बघा.

निशिगंध
जपानी शिकवते म्हणून फोड सांगते. ‘हि’ म्हणजे वाट्याला येणं, सोसावं लागणं, ‘बाकु’ स्फोट, ‘शा’ माणूस. उच्चार तोच ठेवून मधलं अक्षर बदललं की अर्थ होतो ‘किरणोत्सर्ग अंगावर आलेला’. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर चाचणी केली आणि ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर राख पडली. स्फोट त्यांच्यावर झाला नव्हता, पण कानाला शब्द तोच.

मांजराकाठ, दाखला तिथेही आहे. १९५७ च्या कायद्यानंतर हिबाकुशांना आरोग्यपुस्तिका मिळू लागली. लग्न मोडेल, नोकरी जाईल या भीतीने अनेकांनी ती लपवली, काहींनी मागितलीच नाही. कायद्यात हिबाकुशा चार प्रकारचे: स्फोटाच्या वेळी तिथे असलेले, दोन आठवड्यांच्या आत शहराच्या मध्यभागी गेलेले, जखमींची शुश्रूषा केलेले किंवा मृतदेह हलवलेले, आणि या तिघांपैकी कुणाच्याही पोटात असलेली मुलं. ‘बॉम्बातली’मध्ये तिसरा प्रकार बसतो का?

मांजराकाठ
बसतो. ढिगारे उपसायला बाहेरून आलेल्या पोरांनाही आत्या “भूकंपातलाच आहे तो” म्हणायची.

तत्सम
भावना समजली, पण फलक कायमचा असतो. ‘आहत’ हा शुद्ध शब्द हाताशी असताना ‘बॉम्बातली’ कशाला? ‘अण्वाहत’ म्हणा. ‘अण्वस्त्र’ चालतं तर हेही रुळेल.

वाटसरू
‘अण्वस्त्र’ रुळलं कारण वर्तमानपत्रांनी ते रोज छापलं. ‘अण्वाहत’ सातवीच्या मुलीला कोण समजावणार? शिवाय हिंदीतून उतरवून घेणाऱ्यांनी आधीच घोळ घातला आहे. त्यांचा ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, त्यांचा ‘अणु’ म्हणजे आपला रेणू.

पण माझा आक्षेप फलकाच्या मथळ्यावर आहे. शेवंताताई, तुम्ही ‘अण्वस्त्रमुक्त जग’ लिहिणार असाल. मुक्त होतो तो आधी अडकलेला. कर्जमुक्त, व्यसनमुक्त. सोव्हिएत संघ फुटल्यावर कझाकस्तानकडे १,४०० हून जास्त अण्वस्त्रं आली आणि १९९५ पर्यंत त्यांनी ती सगळी रशियाला परत केली. तो देश अण्वस्त्रमुक्त. न्यूझीलंडकडे ती कधी नव्हतीच, तो अण्वस्त्ररहित.

कृष्णाकाठ
मग न्यूझीलंडने १९८७ मध्ये कायदा करून अण्वस्त्रवाहू जहाजांना बंदरं बंद केली, ती कशापासून सुटका? बॉम्ब आपला नसला तरी राख आपल्यावर पडतेच, ते बोटीवरचे तेवीस जण बघा. सगळं जग अडकलेलं आहे, म्हणून ‘मुक्त’च. गावाच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ लिहिलेलं असतं, तिथे कधीच तंटा नव्हता असं कुणी समजत नाही.

तत्सम
‘मुक्त’ नको, ‘रहित’ही नको. आपल्याकडे मूळ कल्पनाच आहे: अस्त्राचा उपसंहार. सोडलेलं अस्त्र आवरून परत घेणं. गंमत नव्हे, ‘संहार’चाही संस्कृतात एक अर्थ आवरून घेणं असा आहे, आपण मराठीत कत्तल तेवढी ठेवली. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला सोडता येतं, मागे घेता येत नाही, म्हणून तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर टाकतो. ‘निःशस्त्रीकरण’ हा भाषांतराच्या टेबलावर बनलेला शब्द आहे. ‘अण्वस्त्रोपसंहार’ म्हणा.

निशिगंध
गर्भांवर. हिबाकुशांचा चौथा प्रकार तोच आहे. हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

शेवंता
मुलांना अश्वत्थामा माहीत आहे. पण मला अजून त्या एका जागी लिहायचा शब्द हवा आहे. सध्या ‘हिबाकुशा’ तसाच ठेवून खाली ‘बॉम्बातली माणसं’ लिहिलं आहे. ‘बॉम्बातली’ की ‘बॉम्बमधली’?

सातपुडा
अश्वत्थाम्याचा विषय निघाला म्हणून. आमच्या नंदुरबारकडे त्याला ‘अस्तंबा’ म्हणतात. दिवाळीच्या सुमारास डोंगरावर यात्रा असते, अनवाणी चढणारेही असतात. माझी आजी सांगायची, तो कपाळाच्या जखमेला तेल मागत फिरतो, आणि दाराशी कुणी तेल मागितलं तर नाही म्हणायचं नाही. अश्वत्थामाचं अस्तंबा कसं झालं असेल? ‘म’चा ‘ब’ झाला हे कळतं, पण ‘थ’ कुठे गेला?

तत्सम
‘थ’ गेला नाही, अल्पप्राण झाला, म्हणजे ‘त’ झाला. ‘हस्त’चा ‘हात’ होताना काय झालं ते पाहा.

कृष्णाकाठ
‘हस्त’मध्ये ‘थ’ कुठून आला?