मदत हवी आहे: चित्रे पाहून मुले नावे सांगतात, वाक्य मात्र हिंदीचेच राहते

नमस्कार.

मी नवी मुंबईतील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरी-चौथीला मराठी शिकवते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली आहे, आणि माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी हिंदी बोलतात. त्यांच्यासाठी मी चित्रकार्डे वापरते. शब्दांची ओळख करून देण्यापुरती ती उत्तम चालतात. अडचण त्यापुढे सुरू होते.

पहिली अडचण लिंगाची आहे. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे चित्र पाहून शब्द मराठीत आठवला तरी त्याचे लिंग हिंदीतूनच येते, आणि 'माझी नाक', 'तो झाड', 'ती पुस्तक' असे ऐकू येते. यावर उपाय म्हणून मी 'तो'च्या कार्डांना निळी, 'ती'च्या कार्डांना लाल आणि 'ते'च्या कार्डांना हिरवी कडा लावली. महिनाभर सारे सुरळीत चालले, मला थोडा अभिमानही वाटला. पण कडा नसलेले घड्याळाचे चित्र दाखवताच अर्ध्या वर्गाने 'ती घड्याळ' म्हटले. मुले शब्द नव्हे, रंग वाचत होती. सामान्यरूपाचेही तसेच आहे. माकड झाडावर बसले आहे हे चित्रात स्पष्ट दिसते, परंतु 'झाड'चे 'झाडा' का होते हे कोणतेच चित्र दाखवत नाही, आणि मुले खुशाल 'झाडवर' म्हणतात.

दुसरी अडचण क्रियापदांची आहे आणि मला ती अधिक सतावते. अंगणात सूप घेऊन बसलेल्या आजीचे चित्र मी दाखवले. 'आजी चावल साफ करते,' असे उत्तर आले. 'चावल'चे 'तांदूळ' करून घेतले, पण 'साफ करते' तसेच राहिले. मला 'निवडते' हवे होते. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "बाई, आजी तांदूळ उडवते आहे का?" म्हणजे तिला सुपाच्या तिरक्या कडेवरून पाखडणे दिसले होते! चित्र स्थिर असल्यामुळे तिचे चूक म्हणता येईना. शेवटी मीच रिकाम्या वहीचे सूप करून दोन्ही क्रिया करून दाखवल्या, आणि चित्र बाजूलाच राहिले.

सतराव्या शतकातील चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने १६५८ मध्ये लॅटिन शिकवण्यासाठी काढलेल्या सचित्र पुस्तकात चित्रातील वस्तूंना क्रमांक देऊन तेच क्रमांक शेजारच्या मजकुरातील शब्दांना दिले होते. मीही मंडईच्या एका मोठ्या चित्रावर तसे करून पाहिले. त्यातून 'सात म्हणजे टोपली' एवढे पाठ झाले. टोपलीत काय आहे, ती कोणी उचलली, हे कोणी बोलेना.

भाषा शिकवण्याचा अनुभव असणाऱ्यांना माझे दोन प्रश्न आहेत. लिंगासाठी रंगांची खूण वापरली असल्यास ती केव्हा आणि कशी काढून घेतली, की मुळात वापरूच नये? आणि क्रियापदांसाठी एका चित्राऐवजी तीन-चार चित्रांची मालिका दिल्यास मुले 'आधी पाखडले, मग निवडले' अशी वाक्ये खरोखर बोलू लागतात का, की प्रत्येक चित्राखाली पुन्हा एकेक नाव सांगून मोकळी होतात?

वर्गात ४२ मुले आहेत, तासिका ३५ मिनिटांची असते आणि प्रोजेक्टर आठवड्यातून एकदाच मिळतो. त्यामुळे कागदावर काढता येईल आणि शेवटच्या बाकावरून दिसेल असे काही सुचवल्यास फार उपयोग होईल.