सिनेमा रीबूट झाला की त्याच्या आरपीजीला गिऱ्हाईक येतं का?

बंदर_रोड (रत्नागिरी)
पुस्तकं-स्टेशनरीच्या दुकानात बोर्ड गेम्सचं एक कपाट आहे. कटान, कार्कासोन बऱ्यापैकी जातात. हल्ली जुन्या सिनेमा-मालिका एकामागून एक नव्याने येतायत, तर त्यांच्यावरच्या टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून पात्रं साकारत गोष्ट पुढे न्यायचे खेळ) ठेवाव्यात का? मागवायच्या तर प्रदर्शनाआधी की नंतर? बजेट चार-पाच पुस्तकांचंच आहे. आणि इथल्या पावसाळ्यात ती टिकतील का?

दोन_डी_वीस
सिनेमाची तारीख बघून माल भरू नका, कारण तारखा जुळतच नाहीत. स्टार ट्रेकचा रीबूट २००९ चा. मोडिफियस कंपनीचा 'स्टार ट्रेक अ‍ॅडव्हेंचर्स' हा आरपीजी आला २०१७ मध्ये, आणि त्याचा काळ ठरवलाय २३७१, म्हणजे जुन्या टीव्ही मालिकांचा. नव्या सिनेमांशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. बाँडचा आरपीजी १९८३ चा होता. २००६ मध्ये बाँड नव्याने सुरू झाला, एवढा गाजला, पण त्याच्या मागे आरपीजी काही आला नाही.

उलट स्टार वॉर्स बघा. वेस्ट एंड गेम्सने १९८७ मध्ये खेळ काढला तेव्हा शेवटचा सिनेमा येऊन चार वर्षं झाली होती आणि पुढचा १९९९ मध्ये येणार होता. त्या सुक्या काळात खेळ चालला. इतका की स्टार वॉर्सच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या टिमथी झान यांना संदर्भासाठी त्याच खेळाची पुस्तकं पाठवली गेली.

मार्वलचं तर अजब. त्याचा एक आरपीजी २०१२ मध्ये आला, त्याच वर्षी 'अ‍ॅव्हेंजर्स'ने थिएटरं भरली, आणि २०१३ मध्ये खेळ बंद! नाव वापरायच्या परवान्याचा खर्च निघायला पुस्तकं खपावी लागतात, तिकिटं नाही. ड्यूनचा खेळ आणि सिनेमा मात्र दोन्ही २०२१ चे. पण असं जमवून आणावं लागतं, आपोआप होत नाही.

कुडाळचो_डीएम
खरा सांगूचा तर सिनेमा बघून पाच जण येतत, पण पुस्तक एकच जण घेता, खेळ चलवणारो. म्हणून मागणी मोजायची ती तुमच्या गावात डीएम (असे खेळ चालवणारे) किती, यावरून. पाच जणांच्या टोळीमागे नियमांचं पुस्तक एक, फाशांचे संच पाच. नफा फाशांत आहे.

दुसरं, त्या सिनेमाच्या जगात दुसऱ्या पात्रांना जागा आहे का ते बघा. दशावतारात कथा सगळ्यांना ठाऊक, संवाद मात्र नट जागेवर रचतात, आरपीजीचंही तसंच. बाँडच्या गोष्टीत नायक एकच, मग उरलेल्या चौघांनी काय करायचं? स्टार ट्रेकमध्ये अख्खं जहाज मोकळं आहे.

एकच घ्यायचं तर फ्री लीग कंपनीचा 'एलियन'. २०१९ ची आवृत्ती नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशांवर चालते, फक्त दोन रंग हवेत. सहा पडला की काम फत्ते. ताण वाढेल तसे दुसऱ्या रंगाचे फासे वाढतात, म्हणजे सहा पडायची शक्यताही वाढते. पण त्यातल्या एकावरही १ आला तर एक फासा टाकून त्यात ताणाचा आकडा मिळवायचा. बेरीज सहापर्यंत असेल तर निभावलं, सात किंवा वर गेली की घबराट. नवखे इथे हमखास चुकतात: साध्या फाशांवरचा १ सुद्धा घबराटीत धरतात, आणि अर्ध्या तासात सगळी पात्रं किंचाळत सुटतात. म्हणून रंग लांबून ओळखू येतील असेच घ्या.

पहिल्या बैठकीला मूळ पुस्तकातला 'होप्स लास्ट डे' हा तयार कथाप्रसंग घ्या, तीन तासांत उरकतो. स्टार्टर बॉक्समधला 'चॅरियट ऑफ द गॉड्स' एका संध्याकाळीत संपत नाही. शाळकरी पोरांना यातलं काहीच नको, भयकथा आहे. (मोठ्यांच्या टेबलावर मध्येच लाइट गेली तर मात्र सोन्याहून पिवळं.)

फॅन्टसी फ्लाइटवाले स्टार वॉर्स टाळा. त्याला सात प्रकारचे खास फासे लागतात. ते संपले की पुस्तकातला तक्ता बघून साधे फासे वाचायचे, आणि दर वेळी खेळ अडतो.

ओलसर_कपाट
पावसाळ्याचं सांगतो. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा खालच्या फळीवर ठेवू नका. पुठ्ठा वाकतो, गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी वाळवायच्या ते कळतं. पत्त्यांना स्लीव्ह (प्लास्टिकची पाकिटं) घाला, फुगले की पिसता येत नाहीत. डांबरगोळ्या प्लास्टिकच्या मिनिएचरजवळ (खेळातल्या छोट्या मूर्तींजवळ) नकोत, काही प्लास्टिक त्याने चिकट होतं.

बंदर_रोड
म्हणजे प्रदर्शनाच्या आठवड्यात काहीच करू नये?

कुडाळचो_डीएम
करा की. दुकानात वनशॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) ठेवा, तयार पात्रांसह, चार-पाच जणांसाठी. पात्रांचे कागद जाड कागदावर पाठपोट छापा, पातळ कागद दोनदा खोडला की फाटतो. त्या चार-पाच जणांत "पुढच्या वेळी मी चालवू का?" असं कोणी विचारलं, तरच दुसरं पुस्तक मागवा. आणि मे महिना नि गणपती धरून लांबलचक मोहीम सुरू करू नका. चाकरमान्यांची पोरं हौसेने बसतात, पण विसर्जन झालं की गाडी पकडतात आणि अर्धं टेबल रिकामं. त्या दिवसांत वनशॉट आणि सुटे फासे, एवढंच.