अनुभव धागा: टीमचं काम उत्तम व्हावं आणि माणसंही समाधानी राहावीत, यासाठी तुम्ही काय केलंत?

सुरुवात मी करतो. सॉफ्टवेअरची नऊ जणांची टीम. दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये सगळे "होईल" म्हणायचे आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी काहीतरी फुटायचं. एकदा जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये बसेना. टीममधल्या सर्वांत नव्या मुलीला हे बारा दिवस आधीच कळलं होतं. "मग बोलली का नाहीस?" असं विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणाला होतात, प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्युशन घेऊन या. माझ्याकडे सोल्युशन नव्हतं."

ते वाक्य मी अभिमानाने सगळ्यांना ऐकवायचो. त्या दिवसापासून बंद केलं. सोमवारी पहिला प्रश्न "कुठे अडकलंय?" असा ठेवला आणि आधी माझं स्वतःचं अडलेलं काम सांगायला लागलो. पहिले पाच सोमवार मी एकटाच बोलत होतो. सहाव्या सोमवारी एकजण म्हणाला, "माझा अंदाज चुकला, अजून चार दिवस लागतील." तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. आता रात्री जागून काम करायची वेळ क्वचित येते. तुमचे अनुभव सविस्तर लिहा. फसलेले प्रयोगही लिहा.

*

मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. आमच्याकडे औषध देताना थोडक्यात टळलेली चूक कोणी सांगतच नसे, कारण सांगितलं की मेमो मिळायचा. एका ट्रेनिंगमध्ये हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचं संशोधन ऐकलं. १९९० च्या दशकात त्यांनी रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा अंदाज होता, पण नोंदी उलट जास्त निघाल्या. त्या टीम चुका लपवत नव्हत्या, हे त्यामागचं कारण त्यांना पुढे उमगलं.

मी एक वही ठेवली. काय घडलं, कशामुळे घडलं, एवढंच लिहायचं. नाव घालायचं नाही. पहिल्या तीन महिन्यांत नोंदी इतक्या वाढल्या की वरून विचारणा झाली. मी वही घेऊन गेले. एकसारख्या दिसणाऱ्या दोन इंजेक्शनांचे डबे शेजारी असल्याच्या सात नोंदी दाखवल्या. डबे वेगळ्या कप्प्यांत गेले. ही सूचना वर्षभर नोकरीत असलेल्या सिस्टरची होती. तिला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि आता नव्या मुलींना औषधांचं कपाट तीच समजावून देते.

*

मी लीड नाही, टीममध्ये आहे, तरी लिहिते. आमच्या साहेबांचा स्वभाव इतका चांगला की कोणालाच कधी बोलत नसत. वातावरण छान आणि काम ढिलं. माझा रिपोर्ट तीन वेळा चुकीच्या आकड्यांसह पुढे गेला, कोणी परत पाठवला नाही. मला ते अपमानासारखं वाटलं. नव्या मॅडमनी पहिलाच रिपोर्ट परत दिला, शेजारी बसून अर्धा तास आकडे तपासून घेतले. त्या दिवशी घरी जाताना मी थकले होते आणि खूश होते. मोकळेपणा हवाच, पण चांगलं काम म्हणजे काय हेही कोणीतरी ठामपणे सांगायला हवं.

*

कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. टोयोटामध्ये कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष सुटला नाही तर लाइन थांबते. आमच्याकडेही बटण बसवलं. महिनाभर कोणी हात लावला नाही. का लावतील? आधी लाइन थांबवणाऱ्याला सगळ्यांदेखत जाब विचारला जायचा, आणि विचारणारा मीच होतो.

एके दिवशी एका मुलाने घाबरत बटण दाबलं. तपासलं तर दोष नव्हता, प्रकाशामुळे पार्टवर रेघ दिसत होती. माझ्याकडे सगळी लाइन बघत होती. मी त्याला म्हटलं, "बरं केलंस. परत असं वाटलं तर परत दाब." आणि त्या जागी दिवा वाढवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तीन वेळा बटण वाजलं. त्यातले दोन दोष खरे होते.